फ्लुएन्सी तीन, कॉन्फिडन्स आठ

आमच्या कॉलेजच्या वादविवाद मंडळाने सप्टेंबर २०२३ मध्ये एका मुलीला घेतलं नाही, आणि जानेवारीत घेतलं. मधल्या चार महिन्यांत तिचं इंग्रजी फारसं सुधारलं नव्हतं, आणि पहिल्यांदा नाकारलं होतं ते इंग्रजीवरूनच. मग बदललं काय, हे नीट लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

कॉलेज पुण्यातलं, इंजिनिअरिंगचं. मुलगी लातूर जिल्ह्यातली, मराठी माध्यमाची. नाव सांगत नाही. मंडळातली पोरं तिला सरळ ‘लातूर’ म्हणायची. “लातूर, पाण्याची रेल्वे आली का?” हा विनोद पहिल्याच आठवड्यात होऊन गेला होता. ती हसली होती म्हणे.

मी गणित शिकवते. मंडळ माझ्याकडे आलं ते विभागात सगळ्यांत नवी होते म्हणून. अशी कामं नव्या माणसाच्याच गळ्यात पडतात. नोटिशीवर सही करायची, प्रवासाच्या अर्जावर सही करायची, नोंदणी शुल्काची बिलं अकाउंट्सला देऊन त्यांच्या मागे लागायचं. शिकवायचं काम मुलं आपसांत करतात, वरच्या वर्गातली खालच्यांना तयार करतात. त्यामुळे ट्रायल, म्हणजे मंडळात घ्यायची निवड चाचणी, नेमकी कशी होते हे मी चार वर्षांत एकदाही बसून पाहिलं नव्हतं. या प्रकरणातली पहिली चूक तीच, आणि ती माझी.

करंडकांचं कपाट

ती आठवीपासून वक्तृत्व स्पर्धा करत होती. हे जग ज्यांनी पाहिलं नाही त्यांना त्यातली मेहनत कळत नाही. व्हॉट्सॲपवर पत्रक येतं, चार-पाच विषय महिनाभर आधी दिलेले असतात, वेळ ‘सात अधिक एक’ मिनिटं. पहाटेची एसटी पकडून दुसऱ्या तालुक्याच्या गावी जायचं, ऐंशीतला एकसष्टावा नंबर यायचा, दुपारी जेवणानंतर पेंगलेल्या सभागृहासमोर उभं राहायचं, आणि तरीही पहिल्या वाक्याला माना वर व्हायला हव्यात. सुरुवातीला भाषण सर लिहून देत, ही पाठ करी. अकरावीपासून स्वतः लिहू लागली. घरी दोन फिरते करंडक, बाकी स्मृतिचिन्हं, आणि उत्तेजनार्थची प्रमाणपत्रं मोजायची नाहीत इतकी.

या मुलांना आमच्याकडे जरा हसतात. मला ते पटत नाही. आवाज कुठे टाकायचा, कुठे थांबायचं, शेवटच्या रांगेतल्या माणसाला कसं धरून ठेवायचं हे त्यांना जितकं येतं तितकं आमच्या मंडळातल्या एकालाही येत नव्हतं. पुण्याने तरी हसू नये. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये इथे वक्तृत्वोत्तेजक सभा निघाली, आणि वसंत व्याख्यानमाला अजून चालू आहे.

पण या परंपरेत ऐकणारा गप्प बसतो. वक्त्याला मध्येच कुणी अडवत नाही. विद्यापीठाच्या युवा महोत्सवातली वादविवाद स्पर्धासुद्धा बघा. एका कॉलेजचे दोघं, एक अनुकूल बोलणार, एक प्रतिकूल. दोघं एकाच गाडीने आलेले, एकाच डब्यातले पोहे खाल्लेले. आपापलं भाषण करून खाली उतरतात. मधल्या कुणी काय मुद्दा मांडला होता, त्याचं पुढे काय झालं, हे विचारलं तर परीक्षकालाही पटकन सांगता येणार नाही.

आमचं मंडळ खेळतं ते ब्रिटिश पार्लमेंटरी, बोलीत ‘बीपी’. एका खोलीत चार संघ, प्रत्येकात दोघं. दोन संघ सरकारी बाजूला, दोन विरोधात. विषय, म्हणजे ‘मोशन’, जाहीर झाल्यावर तयारीला पंधरा मिनिटं. इंटरनेट बंद. मग प्रत्येकाने सात मिनिटं बोलायचं, आणि पहिलं व शेवटचं मिनिट सोडून मधल्या पाच मिनिटांत समोरचा कधीही उभा राहून प्रश्न टाकू शकतो. त्याला ‘पीओआय’ म्हणतात. घ्यायचा की बसवायचं हे बोलणाऱ्याने ठरवायचं, पण एकही घेतला नाही तर परीक्षक ते लिहून ठेवतो. चारही संघांचे क्रम लागतात, पहिल्याला तीन गुण, शेवटच्याला शून्य. आणि हे सगळं इंग्रजीत.

सप्टेंबर

ट्रायलचा मोशन होता, मतदान सक्तीचं करावं. दहा मिनिटं तयारी, चार मिनिटं भाषण, एक पीओआय. तिला अनुकूल बाजू मिळाली.

मी तिथे नव्हते. पुढचं तिने आणि मंडळाच्या कॅप्टनने वेगवेगळं सांगितलं ते जुळवून लिहितेय. ती उभी राहिली, मान किंचित झुकवली आणि ‘सन्माननीय व्यासपीठ, आदरणीय परीक्षक आणि जमलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो’ याचं इंग्रजी केलं. त्यातच वीसेक सेकंद गेली. मग लोकशाहीची व्याख्या, मग पाठ असलेल्या चार ओळी, त्यांचाही जागच्या जागी अनुवाद. तिसऱ्या मिनिटाला कुणीतरी उठून विचारलं, ज्याला उमेदवारच माहीत नाही त्याच्या सक्तीच्या मताने लोकशाहीचं भलं कसं होतं? ती म्हणाली, शेवटी सांगते. शेवट आला, चार मिनिटं झाली, उत्तर राहिलं.

म्हणजे तिचं भाषण चांगलं झालं नव्हतं. हे मुद्दाम लिहितेय, कारण हे प्रकरण मी सांगितलं की ऐकणाऱ्याला ती अन्याय झालेली गुणी मुलगी वाटायला लागते. त्या दिवशीच्या भाषणावर तिला घेतलंच पाहिजे होतं असं नाही. प्रश्न वेगळा आहे. तिला ज्या कारणासाठी नाकारायला हवं होतं, त्या कारणाचा गुणपत्रिकेत रकानाच नव्हता.

ती गुणपत्रिका मी नंतर मागवली. चार रकाने, प्रत्येकी दहा गुण: फ्लुएन्सी, कॉन्फिडन्स, कंटेंट, ओव्हरऑल. तिचे तीन, आठ, सहा, पाच. बेरीज बावीस. पंचवीसच्या वरचे घेतले होते. शेऱ्याच्या जागी एकच शब्द, ‘लँग्वेज’. त्याच पानावर मुंबईच्या एका मुलाचे गुण होते: नऊ, आठ, चार, आठ. एकोणतीस. त्याच्या चार मिनिटांत मुद्दा एकच होता आणि त्यालाही पीओआय आला तेव्हा तो ‘गुड क्वेश्चन’ म्हणून पुढे गेला होता. दोघांनीही उत्तर दिलं नाही. एकाला ते सफाईने टाळता आलं, एवढाच फरक.

‘ओव्हरऑल’ हा रकाना तर मला गणितवाली म्हणून जास्तच खटकला. पहिल्या तिन्हींचा ठसा घेऊन तो चौथ्यांदा मोजायचा. ज्याची फ्लुएन्सी नऊ त्याचं ओव्हरऑल आठ, जिची तीन तिचं पाच. भाषेचे गुण दोनदा धरले जात होते आणि समोरच्याला उत्तर दिलं का, याचे एकदाही नाही.

गंमत अशी की जागतिक विद्यापीठ वादविवाद स्पर्धेच्या, जी १९८१ पासून भरते आणि २०१४ ची चेन्नईत झाली, नियमांतच परीक्षकांना बजावलेलं असतं की उच्चारावर आणि भाषेच्या डौलावर गुण देऊ नका, बुद्धिमान सामान्य नागरिकासारखं ऐका. इंग्रजी ही दुसरी किंवा परकी भाषा असणाऱ्यांच्या बाद फेऱ्याही तिथे वेगळ्या होतात. आमच्या ट्रायलला यातलं काही नव्हतं. आम्ही जगापेक्षा जास्त इंग्रज झालो होतो.

एन वजा एक

ती आत आली ती मागच्या दाराने. बीपीच्या स्पर्धांत बहुतेक ठिकाणी ‘एन वजा एक’ हा नियम असतो: तुम्ही जितके संघ आणाल त्याहून एक कमी इतके परीक्षक तुमच्याच कॉलेजने द्यायचे. आमचे तीन संघ जाणार होते, म्हणजे दोन परीक्षक हवे. परीक्षक व्हायला कुणी तयार नसतं. सात मिनिटं बोलायला जो प्रवास करून जातो त्याला दोन दिवस दुसऱ्यांचं ऐकत बसायचं नसतं. एक जण मिळाला, दुसरा मिळेना.

ती निकालानंतर कॅप्टनला विचारायला गेली होती, “दादा, माझं नेमकं काय कमी पडलं?” दादा म्हणणारी त्या खोलीत ती एकटीच. बाकीची पोरं त्याला नावाने हाक मारतात. तो जरा ओशाळला, आणि ओशाळून म्हणाला, “ॲडज म्हणून येतेस का?” ॲडज म्हणजे परीक्षक. त्याने तिला न्याय द्यायला विचारलं नव्हतं, त्याचा एक आकडा भरत नव्हता.

स्पर्धेत आधी परीक्षकांची परीक्षा झाली. त्यात तिला खालचे गुण पडले, म्हणून ‘ट्रेनी’ केलं. ट्रेनी खोलीत बसतो, निर्णय देतो, तो ऐकून घेतात, पण धरत नाहीत. दोन दिवस, पाच फेऱ्या, फेरीला आठ भाषणं. चाळीस भाषणं तिने लिहून घेतली.

तिचे ते कागद मी पाहिले आहेत. ए-फोर कागद आडवा, पेनाने उभ्या रेघा मारून चार भाग. हे सगळेच करतात. पण तिने प्रत्येक भागाचे आणखी दोन केले होते. डावीकडे मुद्दा, उजवीकडे त्याला कुणी काय उत्तर दिलं ते. उत्तर आलं की दोघांना जोडणारी रेघ. नाही आलं तर उजवा रकाना कोरा आणि खाली बारीक अक्षरात दोन शब्द: ‘येणे बाकी’.

मी विचारलं, हे कुठून? तर म्हणाली, “पप्पा आडतीवर मुनीम आहेत, मॅम. जमा-नावे.” लातूरच्या मार्केट यार्डातल्या दुकानात शाळेच्या सुट्टीत ती बसायची. कोणत्या शेतकऱ्याचा माल आला, उचल किती दिली, पट्टी किती झाली, कुणाकडून किती यायचं राहिलं. संध्याकाळी वही मिटताना वडील एकच गोष्ट बघत, बाकी कुणाकडे आहे.

त्या दोन दिवसांत पाचपैकी चार फेऱ्यांत तिने लावलेला पहिला क्रमांक आणि मुख्य परीक्षकाने लावलेला पहिला क्रमांक एकच होता. हे मला तिने सांगितलं नाही, दुसऱ्या ॲडजने सांगितलं. तोही चकित झाला होता. ज्या मुलीला सप्टेंबरमध्ये एक पीओआय पेलला नव्हता, तिला आठ भाषणांचं देणंघेणं अचूक दिसत होतं.

मला यात विरोधाभास वाटत नाही. बोलताना तिचं सगळं लक्ष सभागृहाकडे असायचं, कारण पाच वर्षं तेच शिकवलं गेलं होतं. बोलायचं नाही म्हटल्यावर ते मोकळं झालं.

जानेवारी

परत आल्यावर मी कॅप्टनला घेऊन बसले आणि नवी गुणपत्रिका केली. तीही चार रकान्यांची. समोरच्याचा मुद्दा नेमका पकडला का, त्याला उत्तर दिलं का, स्वतःचा मुद्दा कारणापासून परिणामापर्यंत नेला का, आणि जे म्हणायचं होतं ते समजलं का. भाषा चौथ्या रकान्यात, आणि न समजल्यासच गुण कापायचे.

कॅप्टनचा आक्षेप होता आणि तो खोटा नव्हता. “मॅम, बाहेरचे जज फ्लुएन्सी बघतातच. नियमात नसते, कानात असते.” मी म्हटलं, मग ती आपण शिकवू. घ्यायच्या आधी मागायची आणि घेतल्यावर शिकवायची नाही, असं आपलं चाललंय. तो गप्प बसला, पण पूर्ण पटलं नव्हतं. अजूनही नाही.

नव्या ट्रायलला चौदा जण होते, सप्टेंबरमध्ये राहिलेले आणि काही नवे. या वेळी मी मागच्या बाकावर बसले. मोशन मुलांनीच काढला होता: हे सभागृह दुष्काळी तालुक्यांत ऊस लावायला बंदी घालेल. मुलीला विरोधी बाजू आली. योगायोग म्हणा. चिठ्ठी मीच उचलली होती, आणि तरीही थोडी अवघडले.

तिच्या आधीच्या मुलाने अपेक्षेप्रमाणे २०१६ काढलं. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी, पाण्याच्या ठिकाणांभोवती १४४ कलम, आणि शेजारी कारखान्यांना ऊस. चांगलं बोलला. मग ही उठली. सन्माननीय व्यासपीठ नाही, चार ओळी नाहीत. सरळ त्याच्या मुद्द्यावर. इंग्रजी मोडकंच होतं. मी त्यातला अर्थ मराठीत देते. रेल्वे आली ती शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी, कारण मांजरा धरण कोरडं पडलं होतं. ऊस बंद झाला की तेच पाणी शहराच्या नळाला येईल हे तुम्ही धरून चाललात, दाखवलं नाही. आता शेतकरी ऊस का लावतो ते बघा. उसाला एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान भाव आहे, तो कारखान्याला कायद्याने द्यावा लागतो, चौदा दिवसांत. सोयाबीन-तुरीला हमीभाव जाहीर होतो, पण आडतीवर भाव त्याखाली गेला तर व्यापाऱ्याला कुणी धरत नाही. तुम्ही ऊस काढलात. मग त्याने लावायचं काय? आणि शेवटी, हे वाक्य तिच्याच शब्दांत, “गव्हर्नमेंट इज नॉट टेलिंग, हू विल बाय?”

व्याकरणाचं सोडा. खोलीत एकालाही ते समजलं नाही असं झालं नाही.

पीओआय आला: पण ऊस भूजल उपसतोच ना, त्याचं काय? तिने घेतला. म्हणाली, उपसतो. त्याला ठिबक हा उपाय आहे. आणि पुढे गेली. हे अर्धंच उत्तर होतं. ठिबकने पाणी वाचतं, पण वाचलेल्या पाण्यावर शेतकरी आणखी दोन एकर ऊस लावणार नाही कशावरून? ही बाकी तिच्या खात्यावर राहिली, आणि मी तसं लिहिलं. सात, आठ, सहा, सहा. सत्तावीस. सप्टेंबरमधल्या त्या एकोणतीसवाल्या मुलाला तो संघात असूनही आम्ही याच पत्रिकेवर बोलायला लावलं. त्याला बावीस पडले. त्याला काढलं नाही, पण चौथ्या रकान्यात नऊ आणि दुसऱ्यात तीन हे आकडे बघून तो बराच वेळ कागद हातात धरून उभा होता.

पुढे ‘बाकी’ हा शब्द मंडळाच्या तोंडी बसला. “तिसऱ्या मुद्द्याची बाकी कोणी फेडली?” असं अस्खलित इंग्रजीत वाढलेली पोरंही विचारू लागली. ‘लातूर’ म्हणणं मात्र बंद झालं नाही. पाण्याचा विनोद थांबला.

साडेआठ ते अकरा

खरा घोळ इथे होता, आणि तो तिला घेतल्यावर पंधरा दिवसांनी कळला. ती सरावाला येईना. मला वाटलं, घाबरली. विचारलं तर म्हणाली, “मॅम, नऊला गेट बंद होतं.”

सराव रात्री साडेआठ ते अकरा. बीपीची एक फेरी म्हणजे तयारीची पंधरा मिनिटं, आठ भाषणांची छप्पन्न मिनिटं, निर्णय आणि चर्चा धरून पावणेदोन तास सहज जातात. दिवसभर लेक्चर, प्रॅक्टिकल, सबमिशन, म्हणून रात्र. मुलांच्या वसतिगृहाला अकराची मुभा होती, मुलींच्या गेटला नऊची. मंडळात तेव्हा तिला सोडून अकरा जण, त्यांत मुली दोन, आणि दोघीही पुण्यातल्या, घरी राहणाऱ्या, स्कूटरने येणाऱ्या. वसतिगृहातली एकही मुलगी चार वर्षांत मंडळात टिकली नव्हती. आम्ही म्हणत होतो, मुलींना इंटरेस्ट नसतो. वेळेची नोटीस दर सत्राला माझ्याच सहीने लागत होती.

ट्रायल बदलायला मला एक दुपार पुरली. वेळ बदलायला तीन महिने लागले. संध्याकाळी साडेपाचला वर्ग मिळवायचा तर एका विभागाची परवानगी, किल्ली वेगळ्या माणसाकडे, दिवे-पंख्याचा प्रश्न तिसऱ्याकडे. मुलांची कुरकुर वेगळी: त्यांचं क्रिकेट बुडतं. शेवटी आठवड्यातले दोन दिवस साडेपाच ते साडेसात आणि शुक्रवारी रात्री, असं ठरलं. शुक्रवारच्या दिवशी मुलींना साडेदहापर्यंत सूट मिळावी म्हणून मी रेक्टर मॅडमना पत्र दिलं. त्यांनी विचारलं, जबाबदारी कोणाची? मी माझा नंबर लिहून दिला आणि शुक्रवारी शेवटपर्यंत थांबू लागले. तोपर्यंत चार वर्षांत मी एकही सराव पूर्ण पाहिला नव्हता.

पुढे काय झालं

दुसऱ्या वर्षात ती एका स्पर्धेला बोलायला गेली, जोडीला तोच मुंबईचा मुलगा. जोडी कॅप्टनने लावली होती आणि डोकं लढवून लावली होती: सरकारी बाजूला आधी हा बोलणार, विरोधात आधी ती. पाच फेऱ्या, पंधरापैकी सात गुण. बाद फेरी दोन गुणांनी हुकली. दुसऱ्या फेरीत चौघांत शेवट आले, कारण दोघांनी मिळून एकच मुद्दा दोनदा मांडला. एका परीक्षकाने तिला बाहेर आल्यावर सांगितलं की तुझे मुद्दे पोचतात पण ऐकायला कष्ट पडतात. कॅप्टनने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही.

वक्तृत्व तिने सोडलेलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत गावाकडे एक स्पर्धा करून आली, दुसरी आली. म्हणाली, “आता अवघड जातं, मॅम. परीक्षक बसलेले दिसतात आणि वाटतं, हे मध्ये उठून काही विचारत कसे नाहीत?”

या वर्षी वसतिगृहातल्या चार मुली ट्रायलला आल्या, दोघींना घेतलं. शुक्रवारच्या सवलतीचं पत्र दर सत्राला नव्याने द्यावं लागतं. रेक्टर मॅडम आता नव्या आल्या आहेत, आणि त्यांनीही पहिल्याच भेटीत विचारलं, जबाबदारी कोणाची. पत्र देऊन तीन आठवडे झाले. सही अजून व्हायची आहे.